वेदनेचे शब्द टिपणारा डॉक्टर

अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते. १८६३-६४चा तो काळ. फिलाडेल्फिया शहराच्या कडेला टर्नर्स लेन नावाचे एक लष्करी इस्पितळ होते. तिथे काही सैनिक हाताला ओले फडके गुंडाळून बसलेले असत. शेजारी पाण्याची बाटली आणि स्पंज. फडके जरा सुकले की घाईघाईने पुन्हा भिजवायचे, असा त्यांचा दिवसभराचा उद्योग. एकाने तर बुटांत पाणी ओतून ठेवले होते. दुखत होता त्याचा हात. पण कोरडा बूट पायाला घासला तरी त्या हातात आग उसळत असे. या सैनिकांच्या जखमा केव्हाच भरून आल्या होत्या. गोळी निघाली होती, हाड शाबूत होते, कातडी जुळली होती. तरीही हात जळतो आहे, हीच त्यांची तक्रार होती.

दुसऱ्या एखाद्या डॉक्टरने त्यांना घाबरट किंवा ढोंगी ठरवून वाटेला लावले असते. इथल्या डॉक्टरने मात्र वही काढली. आग कुठे होते, केव्हा वाढते, कशाने कमी होते, कशासारखी वाटते, हे तो विचारत गेला आणि सैनिक जे सांगतील ते लिहून घेत गेला. या डॉक्टरचे नाव सायलस वेअर मिचेल. मज्जातंतूंच्या इजेतून उद्भवणाऱ्या वेदनेचे आजही दाखला म्हणून दिले जाणारे वर्णन त्या वह्यांतून तयार झाले.

दीडशे वर्षांनंतर हीच अडचण वेगळ्या ठिकाणी रोज भेटते. केमोथेरपी संपते, गाठ आटोक्यात येते, रक्ताचे अहवाल चांगले येतात. पण हातापायांच्या बोटांना मुंग्या येत राहतात, तळपायांची आग होते, चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही. ही वेदना क्ष-किरणात दिसत नाही आणि रक्ततपासणीतही सापडत नाही. ती कळते फक्त रुग्णाच्या बोलण्यातून. त्या बोलण्याला वैद्यकात पुरावा म्हणून जागा मिळवून देणाऱ्यांत मिचेल हे अगदी सुरुवातीचे. आणि ते बोलणे न ऐकल्याने काय होते, याचे उदाहरणही त्यांच्याच आयुष्यात आहे.

सापाच्या विषापासून मज्जातंतूंपर्यंत

मिचेल यांचा जन्म १५ फेब्रुवारी १८२९ रोजी फिलाडेल्फियात झाला. वडील जॉन कर्झली मिचेल हे नामवंत डॉक्टर आणि जेफरसन मेडिकल कॉलेजात प्राध्यापक. मुलगा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात शिकत होता; पण आजारपणामुळे शेवटच्या वर्षी शिक्षण अर्धवट सुटले. पुढे जेफरसन कॉलेजातून त्यांनी १८५०मध्ये वैद्यकाची पदवी घेतली आणि ते पॅरिसला गेले. त्या काळी प्रयोगशाळेतले वैद्यक शिकायचे तर पॅरिस गाठावे लागे. शरीराचे काम कसे चालते हे प्रयोगाने तपासणारे क्लोद बर्नार यांची व्याख्याने मिचेल यांनी तिथे ऐकली. आपल्याला काय वाटते यापेक्षा तपासून काय दिसते याला महत्त्व द्यायचे, ही शिस्त त्यांनी तिथून आणली.

परतल्यावर वडिलांच्या दवाखान्यात काम सुरू झाले. दिवसा रुग्ण आणि उरलेल्या वेळात प्रयोग. विषय निवडला तोही धाडसी. शेपटीने खुळखुळा वाजवणाऱ्या रॅटलस्नेक या विषारी सापाच्या विषावर त्यांनी काम केले. १८६०मध्ये स्मिथसोनियन संस्थेने हा अभ्यास प्रसिद्ध केला. बाणांना लावायच्या विषांवर त्यांनी विल्यम हॅमंड या लष्करी डॉक्टरबरोबर प्रयोग केले होते. ही मैत्री पुढे फार कामी आली.

१८५८मध्ये वडील गेले. त्याच वर्षी मिचेल यांचे लग्न झाले. चार वर्षांत त्यांची पत्नी मेरी घटसर्पाने दगावली. पदरात दोन लहान मुलगे होते. युद्ध सुरू झालेले होते आणि मिचेल करारावरचे डॉक्टर म्हणून लष्करी इस्पितळात काम करू लागले होते. दरम्यान, हॅमंड उत्तरेच्या सैन्याचे सर्जन जनरल झाले होते. मज्जातंतूंना इजा झालेल्या सैनिकांकडे बाकीचे डॉक्टर कंटाळून पाहत. कारण हे रुग्ण लवकर बरे होत नसत आणि त्यांचे नेमके काय बिघडले तेही कळत नसे. मिचेल यांना मात्र नेमके हेच रुग्ण हवे होते. हॅमंड यांनी अशा रुग्णांसाठी वेगळी व्यवस्था केली आणि १८६३मध्ये टर्नर्स लेनचे ४०० खाटांचे इस्पितळ सुरू झाले. मिचेल यांच्या जोडीला जॉर्ज मोरहाउस आणि तरुण विल्यम कीन होते. हेच कीन पुढे अमेरिकेतले अग्रगण्य शल्यविशारद झाले. १८९३मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या टाळूतली कर्करोगाची गाठ एका बोटीवर गुपचूप काढण्यात आली, त्या पथकातही ते होते.

आगीला नाव मिळाले

त्या युद्धात मिनिए नावाची शिशाची जड गोळी वापरली जात होती. ती हाडाचे तुकडे करी, मांस फाडी आणि वाटेत येणारा मज्जातंतू कधी तोडी, तर कधी नुसता चेचून टाकी. मज्जातंतू पूर्ण तुटला तर हात लुळा पडे आणि बधिर होई. पण अर्धवट दुखावला तर काही जणांना वेगळाच त्रास सुरू होई. तळहात किंवा पायाची वरची बाजू लाल, गुळगुळीत आणि चकचकीत दिसू लागे. तिथले केस गळत. आणि मग ती आग.

मिचेल आणि त्यांचे सहकारी रात्री उशिरापर्यंत बसून एकेका सैनिकाची हकिकत लिहीत. या नोंदींमधून एक विलक्षण सारखेपणा पुढे आला. एकमेकांना कधीही न भेटलेले, वेगवेगळ्या लढायांत जखमी झालेले सैनिक एकसारखेच वर्णन करत होते. तापलेले काही तरी कातडीवर ठेवल्यासारखी आग. कोरड्या स्पर्शाने ती वाढे, ओल्याने शमे. शेजारून कोणी पाय आपटत गेले, वर्तमानपत्राचा कागद खुळखुळला किंवा बाहेर लष्करी बँड वाजला तरी कळ जाई. शांत, हसतमुख माणूस या वेदनेने महिनाभरात चिडखोर होई आणि शूर शिपाई भेदरून जाई. त्याच्या स्वभावात दोष नव्हता. हा बदल वेदना घडवत होती, ही गोष्ट मिचेल यांनी स्पष्टपणे नोंदवली.

१८६४मध्ये मिचेल, मोरहाउस आणि कीन यांचे मज्जातंतूंच्या बंदुकीच्या जखमांवरचे छोटेसे पुस्तक निघाले. १८६७मध्ये मिचेल यांनी या आगीला कॉझाल्जिया असे नाव दिले. ग्रीक भाषेत एका शब्दाचा अर्थ उष्णता, दुसऱ्याचा अर्थ वेदना. दोन्ही जोडून हे नाव झाले. म्हणजे रोगाचे नावसुद्धा रुग्णांच्या तोंडच्या शब्दावरून आले. आज हा विकार कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम या नावाखाली येतो.

उपचार फारसे हाती नव्हते. ओले फडके सैनिकांनी स्वतःच शोधून काढले होते. त्वचेखाली सुई टोचून औषध देण्याची पद्धत तेव्हा नवी होती. टर्नर्स लेनमध्ये तिचा सढळ वापर झाला आणि मॉर्फिनची हजारो इंजेक्शने दिली गेली. कोणत्या रुग्णाला किती मात्रेने किती वेळ आराम पडतो याच्याही नोंदी ठेवल्या गेल्या.

खरे कोण, ढोंगी कोण

याच इस्पितळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. युद्ध लांबले तसे सैन्यातून सुटका मिळवण्यासाठी आजाराचे सोंग घेणारेही येऊ लागले. कुणी हात लुळा झाल्याचे दाखवी, कुणी पाठ सरळ होत नाही म्हणे. जखम नसताना वेदना सांगणाऱ्याचे काय करायचे? कीन, मिचेल आणि मोरहाउस यांनी १८६४मध्ये या विषयावरही लेख लिहिला. संशयित सैनिकाला ईथरची भूल देऊन ते पाहत. भूल चढताना किंवा उतरताना लुळा हात हालला, तर सोंग उघडे पडे.

या पद्धतीने हालचालीचे सोंग पकडता येत होते. वेदनेचे मात्र काय करणार? भूल दिल्यावर खरी वेदनाही थांबते आणि खोटीही. म्हणजे ज्या प्रश्नाचे उत्तर सगळ्यात जास्त हवे होते, त्याला यंत्र नव्हते, रसायनही नव्हते. उरत होती ती एकच वाट. अनेकांना तेच प्रश्न विचारायचे, उत्तरे शेजारी शेजारी ठेवायची आणि त्यांत काही नेम दिसतो का ते पाहायचे. एक माणूस खोटे बोलू शकतो. पण अनोळखी असलेली अनेक माणसे बारीकसारीक तपशिलांसह एकच खोटे बोलतील हे अवघड. वेदनेच्या प्रत्येक प्रश्नावलीचा पाया हाच आहे. मिचेल यांच्या वह्यांत तो होता, फक्त त्याला अजून तसे नाव नव्हते.

नसलेल्या पायाची कळ

त्या युद्धात एकट्या उत्तरेच्या सैन्यात सुमारे ३० हजार सैनिकांचे हात किंवा पाय कापावे लागले. यांतले बहुतेक जण एक चमत्कारिक गोष्ट सांगत. कापलेला पाय अजून आहे असे वाटते, त्याची बोटे आखडतात, तळवा खाजतो, दुखतो. कित्येक जण ही गोष्ट बोलायलाच घाबरत. कारण ऐकणारा वेड्यात काढील, ही भीती. मिचेल यांनी हात-पाय गमावलेल्या ९० जणांची माहिती गोळा केली. त्यांतल्या ८६ जणांना नसलेला अवयव जाणवत होता. म्हणजे हे वेड नव्हते, नियम होता.

ही गोष्ट त्यांनी आधी मांडली ती मात्र कथेतून. जुलै १८६६मध्ये अटलांटिक मंथली या मासिकात जॉर्ज डेडलो नावाच्या माणसाची हकिकत निनावी छापून आली. दोन्ही हात आणि दोन्ही पाय गमावलेला हा सैनिक आपले अनुभव सांगतो, अशी ती रचना होती. वाचकांना ती खरीच वाटली. काहींनी त्याच्यासाठी पैसे पाठवले, काही जण त्याला भेटायला फिलाडेल्फियातल्या इस्पितळात जाऊन धडकले. तिथे अर्थातच कोणी डेडलो नव्हता. पण त्याच्या तोंडी घातलेल्या वेदना खऱ्या सैनिकांच्या होत्या. १८७१मध्ये मिचेल यांनी या अनुभवाला भासमान अवयव अशा अर्थाचे नाव दिले आणि तेच वैद्यकात रूढ झाले. तुटलेल्या मज्जातंतूच्या टोकातून येणारे संदेश मेंदू जुन्याच पत्त्यावरून आले असे समजतो, असे त्यांचे साधारण स्पष्टीकरण होते. मेंदू यात किती मोठा वाटा उचलतो हे पुढच्या शतकात उलगडले.

१८७२मध्ये मज्जातंतूंच्या इजा आणि त्यांचे परिणाम यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ आला. इथे न थांबता त्यांनी वेदनेचा माग पुढेही काढला. कॅटलिन नावाच्या एका कॅप्टनने युद्धात पाय गमावला होता आणि उरलेल्या थोटक्यात त्याला कळा येत. त्याने वर्षानुवर्षे कळ केव्हा आली, किती वेळ टिकली याची नोंद ठेवली आणि ती हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिली. वादळ जवळ येताना कळा वाढतात, असे त्याच्या वहीतून दिसले. मिचेल यांनी १८७७मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला तो कॅटलिन यांच्या नोंदींच्या आधारे. डॉक्टरांच्या मासिकात एका रुग्णाची वही पुरावा म्हणून छापली गेली होती. पुढे मिचेल यांचे थोरले चिरंजीव जॉन यांनी टर्नर्स लेनच्या जुन्या रुग्णांचा शोध घेतला आणि तीस वर्षांनंतर त्यांचे काय झाले हे १८९५मध्ये पुस्तकरूपाने मांडले. जखम भरली म्हणून वेदना संपत नाही, हे या पाठपुराव्यातून दिसून आले.

जे ऐकले नाही

इथवरचे मिचेल हे ऐकणारे डॉक्टर होते. १८७०च्या दशकानंतर त्यांची कीर्ती वाढली ती वेगळ्याच कारणाने. थकवा, खिन्नता, अंगदुखी, निद्रानाश अशा तक्रारी घेऊन येणाऱ्या, विशेषतः सुखवस्तू घरांतल्या स्त्रियांसाठी त्यांनी विश्रांतीचा उपचार तयार केला. १८७७मध्ये त्यावरचे त्यांचे पुस्तक निघाले, ते हातोहात खपले आणि युरोपातही पोहोचले. सहा ते आठ आठवडे अंथरुणात पडून राहायचे. घरच्यांना भेटायचे नाही. दूध आणि भरपूर खाणे, मालीश, विजेचे हलके झटके. वाचन नाही, लेखन नाही, शिवणकामसुद्धा नाही. काही रुग्ण स्त्रियांना याने बरे वाटले, हेही खरे. पण तक्रार काय आहे हे रुग्णाकडून समजून घेण्याऐवजी, ती बोलते त्याला फार महत्त्व द्यायचे नाही, हा या उपचाराचा एक भागच होता. अशाच तक्रारी घेऊन आलेल्या पुरुषांना मात्र मिचेल अनेकदा पश्चिमेकडच्या मोकळ्या मुलखात जाऊन घोडेस्वारी करण्याचा, शिकारीला जाण्याचा सल्ला देत.

१८८७मध्ये शार्लट पर्किन्स ही तरुण लेखिका त्यांच्याकडे आली. पुढे ती शार्लट पर्किन्स गिलमन या नावाने ओळखली गेली. बाळंतपणानंतर तिला खोल खिन्नतेने घेरले होते. येण्याआधी तिने आपल्या आजाराची सविस्तर हकिकत लिहून पाठवली होती. टर्नर्स लेनमध्ये अशी हकिकत मिळाली असती, तर तिला सोन्याचे मोल आले असते. इथे मात्र मिचेल यांना ते तिच्या आत्मकेंद्री स्वभावाचे लक्षण वाटले. महिनाभराच्या विश्रांतीनंतर तिला घरी पाठवले ते लेखणीला हात न लावण्याची ताकीद देऊन. काही महिन्यांतच ती वेडाच्या काठावर पोहोचली. शेवटी तिने सल्ला झुगारला, लिहायला घेतले आणि सावरली. १८९२मध्ये तिची द यलो वॉलपेपर ही कथा प्रसिद्ध झाली. एका खोलीत विश्रांतीसाठी कोंडलेली, कोणी ऐकत नाही म्हणून हळूहळू भ्रमिष्ट होत जाणारी स्त्री त्यात आहे. कथेत मिचेल यांचे नावही येते. गिलमनने त्यांना कथेची प्रत पाठवली. उत्तर आले नाही.

माणूस तोच, बुद्धी तीच, अनुभव उलट वाढलेला. तरी एका वेळी त्याने रुग्णाचा शब्द पुरावा मानला आणि दुसऱ्या वेळी त्याच शब्दाला आजाराचे लक्षण ठरवले. फरक पडला तो समोर कोण बसले आहे यामुळे. ऐकणे डॉक्टरच्या मर्जीवर सोडले की असे होते, मग तो डॉक्टर कितीही मोठा असो.

मिचेल यांचे उरलेले आयुष्य मानसन्मानाचे होते. कादंबऱ्या आणि कविता त्यांनी भरपूर लिहिल्या. १८९७मधली त्यांची ह्यू विन ही कादंबरी खूप गाजली. १६ ऑक्टोबर १८९६ रोजी, ईथरच्या भुलेच्या पहिल्या जाहीर प्रयोगाला पन्नास वर्षे झाल्याच्या समारंभात, त्यांनी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये वेदनेचा जन्म आणि मृत्यू या विषयावरची स्वतःची कविता वाचली. दोनच वर्षांनी, १८९८मध्ये, त्यांची तरुण मुलगी मारिया घटसर्पाने गेली. पहिली पत्नीही त्याच आजाराने गेली होती. ४ जानेवारी १९१४ रोजी वयाच्या ८४व्या वर्षी मिचेल यांचे फिलाडेल्फियात निधन झाले.

वहीची झाली प्रश्नावली

वेदनेचे शब्द शास्त्रशुद्ध रीतीने गोळा करण्याचे काम पुढे कॅनडात झाले. मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी पाय कापावे लागलेल्या एका वृद्ध स्त्रीच्या तोंडून वेदनेची नाना वर्णने ऐकली आणि रुग्ण वापरतात ते शब्द जमवायला सुरुवात केली. १९७१मध्ये मेलझॅक आणि टॉर्गरसन यांनी असे १०२ शब्द वर्गवार मांडले. त्यातूनच १९७५मध्ये मॅकगिल वेदना प्रश्नावली आली. तिच्यात ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. चटका, चरचर, भाजल्यासारखे वाटणे असे आगीचे शब्द त्यात अर्थातच आहेत. मज्जातंतूंची वेदना साध्या दुखण्यापेक्षा वेगळी ओळखता यावी म्हणून नंतर खास प्रश्नावल्या तयार झाल्या. फ्रान्समधली डीएन४ त्यांतली एक. तिच्यात दहा मुद्दे आहेत. सात गोष्टी रुग्णाला विचारायच्या, तीन तपासून पाहायच्या. दहापैकी चार किंवा अधिक आले तर मज्जातंतूंच्या वेदनेची शक्यता धरायची.

केमोथेरपीनंतर याची गरज का पडते? सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन, तसेच पॅक्लिटॅक्सेल, सिस्प्लॅटिन, ऑक्झॅलिप्लॅटिन ही औषधे कर्करोगाच्या पेशींबरोबर मज्जातंतूंनाही इजा करू शकतात. शरीरातले सर्वांत लांब मज्जातंतू आधी दुखावतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते आणि मोजे व हातमोजे घातल्यासारखा त्रास वर सरकतो. ऑक्झॅलिप्लॅटिन चालू असताना थंड पाण्याच्या नुसत्या स्पर्शानेही झिणझिण्या येतात. त्रास वाढतो आहे हे वेळेत कळले, तर डॉक्टर मात्रा कमी करू शकतात किंवा औषध बदलू शकतात. उशीर झाला तर काही जणांचा त्रास वर्षानुवर्षे राहतो. यंत्रावरची मज्जातंतूंची तपासणी आणि रुग्णाचा त्रास यांचा मेळ दर वेळी बसतोच असे नाही. शिवाय औषध थांबवतील या भीतीने अनेक रुग्ण त्रास सांगतच नाहीत. म्हणून नेमके प्रश्न विचारावे लागतात. युरोपातल्या कर्करोग संशोधन संस्थेने यासाठी २० प्रश्नांची प्रश्नावली केली आहे. गेल्या आठवड्यात त्रास अजिबात नव्हता, थोडा होता, बराच होता की खूप होता, यातले एक उत्तर निवडायचे.

पण प्रश्न रुग्णाच्या भाषेत नसतील तर? शब्दाला शब्द ठेवून काम भागत नाही. डीएन४मध्ये झिणझिण्या आणि टाचण्या टोचल्यासारखे वाटणे हे दोन वेगळे मुद्दे आहेत. मराठीत दोन्हींना लोक सहज मुंग्या येणे म्हणतात. दोन मुद्द्यांना एकच शब्द वापरला तर एकाच तक्रारीचे दोन गुण मिळतील आणि निदान चुकेल. पायाखाली जमीन जाणवत नाही का, हा प्रश्न घाईत पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटते का असा झाला, तर रुग्ण धक्का बसण्याबद्दल बोलू लागेल. युरोपीय प्रश्नावलीत मोटारीचे पेडल दाबायला अडचण येते का, असा एक प्रश्न आहे. तो मोटार चालवणाऱ्यांसाठीच आहे. पण जिने कधी मोटार चालवली नाही, तिचा पायाचा त्रास या प्रश्नातून कळणार नाही.

म्हणून अनुवादाचीही कसोटी घ्यावी लागते. दोघे जण स्वतंत्रपणे अनुवाद करतात, मग तो जुळवला जातो. मूळ प्रश्नावली न पाहिलेला तिसरा माणूस तो पुन्हा मूळ भाषेत नेतो आणि अर्थ कुठे घसरला ते दिसते. मग काही रुग्णांबरोबर बसून प्रत्येक प्रश्नाचा त्यांना काय अर्थ लागला ते विचारले जाते. शेवटी मोठ्या संख्येने रुग्णांकडून ती भरून घेतात. त्रासात बदल झालेला नसेल, तर काही दिवसांनी तोच रुग्ण जवळपास तीच उत्तरे देतो का? एकाच त्रासाविषयीच्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळतात का? ज्यांना त्रास आहे आणि ज्यांना नाही, त्यांचे गुण वेगळे येतात का? या परीक्षेत उतरली तरच प्रश्नावली त्या भाषेत वापरण्याजोगी ठरते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००५च्या सुमारास याच युरोपीय संस्थेच्या जीवनमानविषयक प्रश्नावल्यांचे हिंदी-मराठी अनुवाद स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्ण स्त्रियांकडून भरून घेऊन तपासले होते.

हे काम किचकट आणि बिननावाचे आहे. त्यावर कादंबरी होत नाही. पण टर्नर्स लेनच्या वह्यांत जे चांगले होते ते त्यात टिकते आणि विश्रांतीच्या खोलीत जे चुकले ते टळते. छापील प्रश्न समोरचा माणूस सैनिक आहे की गृहिणी, शिकलेला आहे की अडाणी, हे पाहत नाही. तो सगळ्यांना सारखाच विचारला जातो आणि उत्तर लिहून घ्यावेच लागते. केमोथेरपीनंतर साडीच्या निऱ्या जमत नाहीत, तांदूळ निवडताना खडा बोटाला लागत नाही, असे सांगणाऱ्या बाईंना त्यासाठी एखादा मिचेल भेटण्याची वाट पाहावी लागू नये. पुढच्या तपासणीला जाताना हातापायांच्या मुंग्या, आग, बधिरपणा कधी सुरू झाला, कशाने वाढतो आणि कोणते काम अडते, एवढे कॅटलिनसारखे वहीत लिहून नेले, तरी डॉक्टरांचे अर्धे काम सोपे होते.